जडच बरा

नमुनेवालीचा फोन आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि मास्तरीण घरी लॅपटॉपवर चौथ्या साइझच्या कोटाचा मुंढा, बाही जोडायची खांद्याजवळची गोलाई, आखत होती. फोन कानाला लावेपर्यंत पलीकडून हसणं ऐकू यायला लागलं.

"अगं मास्तरीण, तुझ्या बाहीला पोट आलंय."

"काय आलंय?"

"पोट. चांगलं पाचव्या महिन्याचं. आणि एकीला नाही, दोघींना. सारखेच दिवस दिसतात. आता या वयात हे काय गं?"

मास्तरीणही हसली. तीस वर्षं दोघी एकाच कारखान्यात होत्या. मास्तरीणने आखायचं, कापायचं आणि त्यातला पहिला कोट नमुनेवालीने शिवून बघायचा. तो अंगावर नीट बसला की मग बाकीचे शेकड्यांनी कापायचे. एवढ्या वर्षांत नमुनेवालीने तिच्या गळ्यांना, खिशांना, पाठींना नाना नावं ठेवली होती, पण बाहीला कधी नाही. बाही म्हणजे मास्तरीणचा अभिमान. त्यामुळे हसणं संपायच्या आत ती म्हणून गेली, "हा माउसच दगा देतोय गं. गेले किती दिवस बघतेय मी."

"मग बदल की तो. उद्या दहाला तुझी फाइल मशीनवर चढणार, चारशे कोट आहेत इस्पितळाचे. नाहीतर लोक म्हणतील, नाचता येईना तर अंगण वाकडं."

"आजच आणते नवा."

"चांगला भरवशाचा बघून आण."

फोन ठेवला आणि मास्तरीण पडद्याकडे बघत राहिली. पांढऱ्या पडद्यावर निळी रेष, रेषेवर टिकल्यांसारखे बिंदू, आणि त्यातल्या खांद्याजवळच्या बिंदूवर काळा बाण. बाण थरथरत होता. फार नाही. पाण्यावर काडी तरंगावी तेवढाच. तिने बटण दाबलं की नेमक्या त्या क्षणी तो इंचाचा आठवा हिस्सा, म्हणजे एक सूत, इकडे किंवा तिकडे सरकत होता आणि बिंदू नको तिथे बसत होता. एक सूत म्हणजे काय मोठंसं, कुणीही म्हणेल. पण अंगाला सूत कळतं. दोन सूत चुकले तर हात वर केल्यावर आख्खा कोट वर उचलला जातो, आणि तो घालणाऱ्या परिचारिकेला दिवसभर कुणीतरी मागून ओढतंय असं वाटत राहतं. खडूच्या काळात हे चालून जायचं. खडूची रेष जाड, तिच्यात दोन सूत सहज मावायचे, आणि रेष कुठे अडखळली असेल तर मागून येणारी कात्री तिला माफ करायची. कात्रीला बाही म्हणजे काय ते ठाऊक असायचं. आता कापणारं मशीन आहे. मशीन विचारत नाही. तुम्ही आखलंत ना, घ्या, म्हणतं, आणि चारशे वेळा तीच चूक काटेकोर कापून देतं.

एक साधी गोष्ट होती. माउसवरचा हात उचलायचा आणि बघायचं. हात नसतानाही बाण थरथरला तर माउस बिघडलाय. नाही थरथरला तर नाही. दोन वर्षांच्या पोरालाही सुचेल असं होतं हे, आणि मास्तरीणला ते सकाळी नव्हे, तीन आठवड्यांपूर्वीच सुचलं होतं. तेव्हापासून रोज काम संपवताना ती आधी डाव्या हाताने लॅपटॉपचं झाकण मिटायची आणि मग उजवा हात माउसवरून काढायची. हे आपण मुद्दाम करतो असं तिने स्वतःला कधी म्हटलं नव्हतं. सवय लागली एवढंच. तशीच सवय चहाचीही लागली होती. कपबश्या फळीवर पालथ्या पडल्या होत्या आणि ती हल्ली लेकीने कधीतरी आणलेल्या जाड बुडाच्या मगातून चहा पीत होती. कपात चहा लवकर निवतो, असं तिचं म्हणणं. आताही तिने तसंच केलं. झाकण मिटलं, हात काढला, आणि तो पदराखाली धरून उठली.

लेकीला तिने निरोप पाठवला होता, की माउस घ्यायचाय, कुठला घेऊ. लेक दुसऱ्या शहरात, दिवसभर कचेरीत, पण आईला काही घ्यायचं म्हटलं की जेवायची सुट्टी वाया घालवणारी. तासाभरात फोनवर एकामागून एक चित्रं येऊन पडली. काळे, करडे, एक गुलाबी. खाली लेकीची टिपणं: हा वायरलेस आहे, दीड वर्ष सेल बदलावा लागत नाही. हा आवाज करत नाही. हा सगळ्यात हलका, याला चार हजार लोकांनी चांगलं म्हटलंय. आई, लोकांनी काय लिहिलंय ते वाच आणि मग ठरव. मास्तरीणने चष्मा लावला आणि वाचायला बसली. तिला अक्षरं उशिरा आली. आकडे आधी, टेपवरचे, अगदी लहानपणी. अक्षरं तिशी ओलांडल्यावर, कापडाच्या गठ्ठ्यांना लावलेल्या चिठ्ठ्या वाचून वाचून. त्यामुळे ती आजही वाचते ते टाके मोजल्यासारखं, एकही न गाळता, आणि छापलेल्यावर तिचा विश्वास इतरांपेक्षा जरा जास्तच. एकाने लिहिलं होतं, दोन वर्षं झाली, अजून दगा नाही. एकीने लिहिलं होतं, मी खूश आहे पण माझं मांजर जास्त खूश आहे. एक चिडलेला होता, त्याचा माउस तिसऱ्या दिवशी बंद पडला होता आणि त्याने सगळ्या जगाला जाब विचारला होता. मास्तरीणला त्या चिडलेल्याचा हेवा वाटला. ज्याचा माउस खरोखर बिघडतो तो किती सुखी माणूस. मग कुणाचं तरी एक वाक्य आलं आणि तिची नजर तिथेच अडकली: इतका हलका आहे, की हातात काही आहे असं वाटतच नाही.

हातात काही आहे असं वाटतच नाही. तिने ते तीनदा वाचलं. दर वेळी मनगटातून एक गार कळ वर जायची. वाक्य तर कौतुकाचं होतं. लिहिणाऱ्याने पाचही चांदण्या दिल्या होत्या. तरी तिला ते कुणीतरी फार जुनी तक्रार करत असल्यासारखं वाटत होतं, आणि ती तक्रार आपण पूर्वी कधीतरी ऐकून न ऐकल्यासारखी केली आहे, असंही. कुणाची, कधी, ते मात्र हाती लागेना. फोनवर मागवला तर परवा येईल असं लेकीने लिहिलं होतं आणि काम उद्या दहाचं होतं. मास्तरीणने पायात चपला सरकवल्या.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. तिने उजवा हात पिशवीच्या पट्ट्यात अडकवून ठेवला आणि लोकांचे हात बघायला लागली. समोरचा माणूस एका हाताने वर्तमानपत्र धरून होता. कागद हलत होता, पण बसही हलत होती. बस हलतेय म्हणून कागद हलतो की कागदाला निमित्त म्हणून बस सापडलीये? एका बाईच्या मांडीवर तान्हं मूल होतं, त्याचे हात कशालाच न धरता हवेत थरथरत होते आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. वयाच्या दोन्ही टोकांना हात थरथरतो, मधल्या चाळीस-पन्नास वर्षांपुरता काय तो आपल्या ताब्यात. एकसष्ट म्हणजे मधलं की टोकाचं? नवरा गेल्याला सहा वर्षं झाली, तेव्हा हात चांगला होता. त्याला शेवटी चमच्याने पाणी पाजलं, थेंब सांडला नव्हता. म्हणजे सहा वर्षांच्या आतलं. कारखान्यात कापायची टेबलं काढून टाकली आणि काम घरी लॅपटॉपवर आलं, त्याला चार वर्षं झाली. म्हणजे चारच्या आतलं. असं ती कापडाला घड्या घालत जावं तसं मागचा काळ अर्धा, पाव, आणखी अर्धा करत गेली आणि तीन आठवड्यांवर येऊन थांबली. तीन आठवडे हे ठीक होतं. तीन आठवड्यांत माउस बिघडू शकतो. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, पण काकणाच्या आतल्या मनगटाकडे बघायचंच नसलं तर माणूस आरसे शोधत चार थांबे लांब जातो.

दुकान अरुंद होतं. अर्धं विक्रीचं, अर्धं दुरुस्तीचं. दुकानदार पन्नाशीचा, कपाळावर भिंग चढवलेला, कुठल्याशा उघड्या यंत्राला तापलेल्या सळईने डाग देत बसला होता. सगळीकडे तापलेल्या धातूचा वास. त्या वासाने मास्तरीणला उगाच आत यावंसंही वाटलं आणि परत फिरावंसंही.

"लॅपटॉपचा माउस हवाय. बिनवायरचा. भरवशाचा."

"मावशी, भरवसा खोक्यात घालून येत नाही," सळई ठेवत तो म्हणाला. "माउस निवडणं म्हणजे जावई निवडण्यासारखं. बघायच्या दिवशी सगळेच चांगले. सहा महिन्यांनी कळतं."

"माझा जावई अजून यायचाय. तुम्ही माउस दाखवा."

तो हसला आणि त्याने तीन माउस काचेच्या काउंटरवर मांडले. शेजारी एक जुना लॅपटॉप उघडून त्यावर कोरं पान लावलं. "घ्या, हलवून बघा."

"तुम्हीच हलवा."

"अहो, वापरणार तुम्ही आणि हलवू मी? मुलीलाच बघू दे की जावई."

मास्तरीणचा उजवा हात पिशवीच्या पट्ट्यात होता. हात दाखवून अवलक्षण, तिच्या मनात आलं, आणि त्या म्हणीत आजवर न दिसलेला हात तिला पहिल्यांदा दिसला, उघडा, तळवा वर केलेला, कुणाच्या तरी पुढ्यात. तिने पट्टा सोडला. पहिला माउस घेतला. लेकीने पाठवलेल्या चित्रातलाच, चार हजार लोकांचा. खरोखर हलका. हातात काही आहे असं वाटेना. तिने कोऱ्या पानावर बाण नेला, आणि बाण तिथे उभा राहून थरथरायला लागला. थंडीत उघड्यावर उभं केलेल्या माणसासारखा. एवढा तर घरचाही थरथरत नव्हता.

"हा नको. हा थरथरतो."

"कुठे?" दुकानदाराने तोच माउस घेतला, सरळ रेष मारली, आडवी मारली, थांबला. बाण जागच्या जागी. "छान चाललाय की."

"तुमच्या काउंटरला काच आहे."

"हां, काच," तो लगेच म्हणाला. "काचेवर काही काही नीट चालत नाहीत, खरं आहे." आणि त्याने खाली एक वही सरकवली.

काच! मास्तरीणच्या छातीत एकदम ऊन पडलं. काच असणारच. पण घरच्या टेबलाला काच नव्हती, घरचं टेबल साधं लाकडी होतं आणि त्यावर तिने सुती कापडाचा तुकडा घातला होता, हे तिला पुढच्याच क्षणी आठवलं आणि ऊन गेलं. आता वहीवर तोच माउस धरून बघायला हवा होता. तिने नाही धरला. दुसरा घेतला, तो धरल्याबरोबर ठेवून दिला. तिसऱ्याला हातच लावला नाही. दुकानदार वाट बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, गिऱ्हाईक चोखंदळ आहे एवढंच. आणि मग तिच्या तोंडून असं काही निघालं की जे ती स्वतःही त्याच्याबरोबर पहिल्यांदाच ऐकत होती.

"हलका नको. जड आहे का एखादा?"

"जड?" त्याने भिंग कपाळावर आणखी वर ढकललं. "लोक येतात ते, हलका द्या, आणखी हलका द्या. जड मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच. एक आहे, पण जुना माल. दोन दोन जाडे सेल लागतात त्याला. वीट आहे वीट."

"दाखवा."

तो मागून शोधून, फुंकर मारून घेऊन आला. बेढब, काळा, पाठीवर उंच. त्याने सेल घातले आणि वहीवर ठेवला. मास्तरीणने हात त्याच्यावर टेकला. वजन बोटांतून मनगटात उतरलं, मनगटातून कोपरात, आणि तिथे कुठेतरी आत जो किडा सारखा वळवळत होता तो दाबला गेल्यासारखा गप्प झाला. बाण पानाच्या मधोमध खिळ्यासारखा उभा. दुकानदार पुन्हा सळईकडे वळला होता. तापलेल्या धातूचा वास पुन्हा आला, आणि त्या वासातून, अगदी सहज, ओळखीच्या घरात कुणी न विचारता यावं तशी, तिची आई आली.

आई इस्त्री करायची. लाँड्रीवाला सकाळी गठ्ठे घरी आणून टाकायचा आणि संध्याकाळी घड्या घेऊन जायचा. इस्त्री कोळशाची, पितळेची, इतकी जड की मास्तरीणला लहानपणी ती दोन्ही हातांनीही उचलत नसे. आई ती एका हाताने फिरवायची. आईच्या चुण्या सरळ, जणू सुरीने पाडलेल्या. मास्तरीण कारखान्यात लागली आणि पहिल्या पगारात तिने आईसाठी विजेची इस्त्री आणली, नवी, चकचकीत, फुलासारखी हलकी. आईने ती हातात घेतली, लगेच खाली ठेवली. म्हणाली, "चांगली आहे गं. पण मला आपली जडच बरी." का, ते सांगितलं नाही. मास्तरीणने विचारलंही दोनदा. "जडच बरी," एवढंच. आठ दिवस नवी इस्त्री खोक्यात. पोरीला राग आला. पहिल्या पगाराची वस्तू. हट्टी आहे म्हातारी, नव्याची भीती वाटते हिला, असं तिने ठरवून टाकलं, आणि एका सकाळी ती जुनी इस्त्री पिशवीत घालून कारखान्यात घेऊन गेली. कापताना कापड सरकू नये म्हणून वर वजन लागतंच. "आता बघू कशी वापरत नाहीस," असं ती हसत हसत म्हणाली होती. हसत हसत. आई दारात उभी होती. तिने एक हात दुसऱ्या हातात धरला होता.

पंधरा दिवसांत लाँड्रीवाल्याने काम बंद केलं. चुण्या वाकड्या यायला लागल्या होत्या, दोन सदरे जळले होते. आई म्हणाली, "हात भरून येतो हल्ली. बरं झालं सुटले." मग ती बसून राहिली, उजवा हात मांडीखाली धरून. आणि मग कधीतरी कपबशी वाजायला लागली. आई चहा प्यायला लागली की बशीवर कप किणकिण वाजायचा आणि ती पटकन डाव्या हाताने दाबायची. मास्तरीण सगळ्यांना सांगायची, काम सुटलं आणि हात कापायला लागला बघा. माणसाने काम सोडू नये. आई गेल्यावरही सांगायची. कारखान्यातल्या कितीतरी म्हाताऱ्यांना तिने हा दाखला दिला होता. आणि आज या दुकानात, हात एका बेढब माउसवर टेकलेला असताना, तिला कळलं की आपण हा कोट चाळीस वर्षं उलटा घातला होता. आधी काम सुटलं आणि मग हात कापायला लागला, असं नव्हतं. हात आधीपासून कापत होता. किती आधीपासून, कोण जाणे. ती इस्त्री तो धरून ठेवत होती. वजनाखाली आईने तो वर्षानुवर्षं लपवला होता, लाँड्रीवाल्यापासून, नवऱ्यापासून, पोरीपासून, आणि पोरीने एका सकाळी तिची ती लपायची जागा उचलून पिशवीत घातली.

"मावशी, हाच द्यायचा का?"

"हाच."

"बघा हं, हाताला ओझं होईल."

"होऊ दे," मास्तरीण म्हणाली.

घरी पोचली तेव्हा उन्हं खिडकीतून कललेली होती. टेबलावर लॅपटॉप, शेजारी कागदी नमुन्यांची चळत, आणि चळतीवर, गेली चार वर्षं रोज होती तशीच, आईची इस्त्री. कारखान्याने टेबलं काढली तेव्हा कुणी कात्री घरी नेली, कुणी पट्टी. मास्तरीणने ही नेली होती. कागद उडू नयेत म्हणून ती उपयोगी पडते, यापलीकडे तिच्याकडे तिने कधी बघितलं नव्हतं. आता ती तिच्यासमोर बसली. नवा माउस पिशवीतच ठेवला. आधी झाकण उघडलं, निळी रेष पडद्यावर आली, तिने जुना माउस धरला आणि बाण खांद्याजवळच्या बिंदूवर नेला. थरथर. मग तिने हात उचलला. बोट बोट करून नाही, एकदम, तापलेल्या तव्यावरून उचलावा तसा.

बाण उभा राहिला.

तिने पुन्हा हात ठेवला. थरथर. उचलला. उभा. ठेवला. उचलला. असं तिने किती वेळा केलं कुणास ठाऊक. प्रत्येक वेळी वाटायचं की आता नियम मोडेल. बिचारा माउस. तीन आठवडे तिने त्याच्यावर आळ घेतला होता आणि तो चार वर्षांत एकदाही खोटं बोलला नव्हता. याहून भरवशाचा कुठला आणणार होती ती? तिला हसू आलं, आणि त्याच्या पाठोपाठ भीती, जी सकाळपासून दाराबाहेर उभी होती, ती आत येऊन समोरच्या खुर्चीत बसली. आत आल्यावर ती बाहेर होती त्यापेक्षा जरा लहान दिसत होती.

मग तिने नवा माउस जोडला. मुंढ्याचे सातही बिंदू पुन्हा बसवले. जड होता, मनगट भरून आलं, पण बिंदू पडले तिथेच राहिले. रेष अशी वळली की नमुनेवालीला नाव ठेवायला जागा उरली नाही. फाइल तयार झाली. म्हणजे हे चालणार होतं. हा माउस असेपर्यंत कुणालाही काही कळणार नव्हतं. एक वर्ष, कदाचित दोन. मग याहून जड काहीतरी. मग आणखी जड. आणि मग एक दिवस कुणीतरी, अगदी प्रेमाने, हसत हसत, एखादी हलकी वस्तू आणून देईल. मास्तरीणने इस्त्रीकडे बघितलं. या लपण्याला सूत-इंचात कुठे शेवट नव्हता. ती उठली, चहा टाकला, आणि फळीवरची पालथी कपबशी सरळ केली.

फोन वाजला तेव्हा कप तिच्या हातात होता.

"मिळाला का गं माउस?" नमुनेवालीच्या मागे शिलाईचं यंत्र चालू होतं.

"मिळाला."

"आणि बाही?"

"सरळ केली. पाठवतेय फाइल."

"मग खोट त्या जुन्या माउसचीच होती ना?... हा कसला आवाज येतोय?"

"कपबशीचा," मास्तरीण म्हणाली. "माझ्या हातात आहे."

पलीकडचं यंत्र थांबलं. कपबशी वाजत होती. मास्तरीणने ती दाबली नाही. तिला वाटलं होतं, आता नमुनेवाली दचकेल, काहीतरी विचारेल. पण त्या शांततेत दचकणं नव्हतं.

"तुला ठाऊक होतं," मास्तरीण म्हणाली.

"गेल्या वर्षीच्या कोटांपासून."

"वर्षभर?"

"अगं, थोडंच असायचं. कधी एक सूत, कधी दोन. शिवताना बाहीत मुरवून टाकायचे आणि मशीनवाल्याला कानात सांगायचे, बाबा, हा बिंदू एवढा आत घे. माझं कामच ते. तू नाही का, माझा खिसा वाकडा बसला की त्यावर झाकायचा फ्लॅप मोठा आखायचीस?"

"तुला कळायचं ते?"

"मी काय आंधळी आहे? म्हणजे आता होणारच आहे जवळजवळ. परवा डोळ्याचं ऑपरेशन, मोतीबिंदूचं. महिनाभर मी नाही. माझ्या जागी ती नवी बसतेय, ती जे असेल ते तसंच शिवते आणि मापं घेऊन थेट वर जाते. तुझी बाही तिने वर नेण्याआधी तुझ्या कानावर घालावं म्हटलं. सरळ कसं सांगू? म्हणून पोटाचा विनोद केला. तर तू निघालीस माउस आणायला! मी म्हटलं, बरं बाई, माउस तर माउस."

मास्तरीण हसायला लागली. चहा बशीत सांडला. नमुनेवालीही हसायला लागली.

"आईला होतं माझ्या," मग मास्तरीण म्हणाली. "तिने कुणाला सांगितलं नाही."

"तू?"

"उद्या फाइल चढली की मॅनेजरला सांगते. आखीन मी, पण मशीनवर जायच्या आधी दुसरं कुणीतरी तपासलं पाहिजे. आणि डॉक्टरलाही दाखवते. कामावर ठेवायचं असेल तर ठेवतील मला."

"आणि नाही ठेवलं तर?"

"तर नाही." तीस वर्षं तिला मास्तरीण याशिवाय दुसरं नाव नव्हतं.

"ऐक," नमुनेवाली म्हणाली. "माझे डोळे, तुझा हात. दोघींचं मिळून एक माणूस भरेल की नाही?"

"भरेल. पण बाही दोन सूत जास्त ठेवावी लागेल."

फोन ठेवल्यावर तिने राहिलेला चहा प्यायला, सावकाश, कप वाजू देत. ऊन आता फक्त इस्त्रीच्या मुठीवर उरलं होतं. फाइल पाठवून झाली तेव्हा लेकीचा निरोप येऊन पडलेला दिसला: आई, घेतलास का? हलकाच घेतलास ना?

मास्तरीणने चष्मा लावला. एकेक अक्षर शोधत, चुकलेलं पुसत, पुन्हा लिहीत ती बराच वेळ बसली. आधी तिने लिहिलं, नाही, जड घेतला. एवढ्यावरच पाठवायला बोट पुढे गेलं, आणि मध्येच थांबलं. मग तिने पुढे लिहिलं:

का घेतला, ते तू आलीस की सांगते. ये लवकर.